अक्कांचा चातुर्मास

"कुमुद, सातानंतर काय गं येतं?"

अक्कांनी हे विचारलं तेव्हा मी देवघरात फुलवाती वळत बसले होते. मला वाटलं, नेहमीची थट्टा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विट्यात मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. माझा जप चालू असला की त्या बाहेरून ओरडायच्या, "शंभर झाले, आता फक्त आठ!" म्हणून मी हसत म्हटलं, "आठच येतात, अक्का. अजून तरी."

"आठ," त्या म्हणाल्या, पाठ केल्यासारखं.

मी हातातली वात ठेवून बाहेर आले. अक्का खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, मांडीवर पेपर. पेपरातलं सुडोकू त्या रोज सोडवत आणि तेही पेनाने. पेन्सिल वापरणाऱ्याला त्या भित्रा म्हणत. त्या दिवशी सगळ्या चौकटींत एकच आकडा होता. सात. चौकटी संपल्यावर तो बाजूच्या बातमीवर गेला होता, आणि तिथून खाली, साडीच्या जाहिरातीतल्या बाईच्या गालावर.

"अक्का?"

त्यांनी मान वर केली. एकोणतीस वर्षं आम्ही एका घरात काढली. दोघींचे यजमान पाठोपाठ गेले, तेव्हाही मी त्यांची अशी नजर पाहिली नव्हती. उत्तर न आलेली मुलगी फळ्यापाशी उभी राहून बाईंकडे बघते, तशी.

"आईचं सुरू झालं," त्या म्हणाल्या. "माझं आईसारखं सुरू झालं गं."



अक्कांच्या आईला शेवटची सहा वर्षं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अक्का भेटायला गेल्या की त्या हात जोडून विचारायच्या, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" अक्कांना नोकरी होती, घरात मुलगा श्रीनिवास लहान होता. शेवटी त्यांनी आईला एका संस्थेत ठेवलं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण तेव्हापासून त्या आपल्या डोक्याला पोटच्या पोरासारखं जपत. रोज पाऊण तास झपझप चालणं. डाव्या हाताने दात घासणं. कानडी शिकवणारं पुस्तक आणून भाजीवाल्या मल्लव्वाशी तोडकंमोडकं बोलणं. "मेंदूला गंज चढू द्यायचा नाही, कुमुद. तू देवाची भांडी घासतेस ना, तसं." ज्येष्ठ नागरिक संघात मेंदूच्या आरोग्यावर व्याख्यान झालं, तेव्हा पहिल्या रांगेत बसून त्यांनी टिपणं काढली आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. झोप, चालणं, माणसांत मिसळणं, मीठ कमी, पाणी भरपूर.

एवढं करूनही ते आलं होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेआठला, चांगल्या उजेडात.

"श्रीनूला सांगायचं नाही," अक्का म्हणाल्या. श्रीनिवास पुण्याला असतो. "तो मला ठेवून देईल."

"असं कसं करील तो?"

"मी केलं तसं करील. तुझ्या देवाची शपथ घे."

"अक्का, शपथ कशाला..."

"घे."

मी घेतली. माझा आवाज मुळातच लहान. त्या म्हणाल्या, "ऐकू आली नाही," म्हणून पुन्हा घेतली.

त्या वर्षीचा चातुर्मास माझ्यासाठी नेहमीसारखा नव्हता. माझ्या लेकीला, मृणालला, तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही चौथा महिना लागायच्या आत गेली होती. मी चातुर्मासात जमिनीवर निजते, एकदाच जेवते आणि तेही अळणी. हे माझं सव्वीस वर्षांचं. पण त्या वर्षी मला ते अपुरं वाटायला लागलं. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी धीर करून मी अक्कांना म्हटलं, "तुम्हीही काहीतरी धरा ना. दोघींनी मिळून केलं तर..."

"तुझ्या देवाची आणि माझी ओळख कुठाय?"

"मी करून देईन."

"वशिला लावणार तू." त्या हसल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. मृणालला पाढे त्यांनीच शिकवले होते. "बरं बाई. काय सोडायचं असतं?"

"काहीही. मीठ सोडलंत तरी चालेल. अळणी आपल्याकडे तसंही होतंच."

"मीठ सोडलं. नाहीतरी कागदावर लिहिलंयच, मीठ कमी. तुझा देव आणि तो डॉक्टर एकाच शाळेतले दिसतात. पण देवाला सांगून ठेव, जीभ अळणी होणार नाही."

"आणि कुणाजवळ बोलायचं नाही हं, अक्का. नेम बोलून दाखवला की फळ जातं."

"म्हणजे गुप्त मतदान," अक्का म्हणाल्या, आणि एकादशीपासून माझ्यासारखंच अळणी जेवायला लागल्या, आमटीला नावं ठेवत.

शपथ घेतल्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. अक्का चालताना भिंत धरायला लागल्या. सकाळी डोकं दुखायचं, मळमळायचं. एकदा फिरायला गेल्या आणि आमच्या फाटकावरून सरळ पुढे निघून गेल्या. मल्लव्वाने हाताला धरून आणून सोडलं. "बाईसाहेब आज कानडी बोलत न्हाईत, मराठी बी न्हाई," ती म्हणाली. मला ती चेष्टा वाटली नाही, तिलाही नसावी.

त्यांना कळत होतं, हेच वाईट होतं. कळायचं त्या वेळी त्या जिवाच्या आकांताने लढायच्या. पाढे म्हणायच्या. सतराचा पाढा पाचव्या पायरीवर अडला की पुन्हा पहिल्यापासून. दोन लिटरची बाटली होती त्यांची, तिच्यावर त्यांनी मार्करने वेळा लिहिल्या होत्या. आता त्या एकाच्या दोन बाटल्या पिऊ लागल्या. "मेंदूला पाणी लागतं, कुमुद. भर." मी भरत होते. शिवाय रोज पूजेनंतर तांब्याभर तीर्थ देत होते. त्या ते शेवटच्या थेंबापर्यंत पीत. पूर्वी म्हणाल्या असत्या, हे काय, तीर्थ पळीभर घ्यायचं असतं की बादलीभर? आता काही म्हणत नव्हत्या. मला वाटायचं, देव त्यांना आपलंसं करतोय.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. शपथ श्रीनूची होती, डॉक्टरांची नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली. दवाखान्यात गर्दी होती. त्यांनी अक्कांना तारीख विचारली. अक्कांनी सन बरोबर सांगितला, महिना चुकला.

"घरात कुणाला होतं का असं?"

"आईला," अक्का म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "जेवणखाण कसं आहे? काही बदल?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही. आजही मला वाटत नाही की तेव्हा मी खोटं बोलले. आमच्या घरी चातुर्मासात ते नेहमीचंच होतं. आणि नेम काय, दवाखान्यात पंधरा माणसांसमोर सांगायची गोष्ट आहे?

"वय आहे," डॉक्टर म्हणाले. "स्मरणशक्तीची गोळी देतो. ब्लड प्रेशरची चालू ठेवा."

राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. आतून बोलण्याचा आवाज आला. कोण आलंय म्हणून ओल्या पायांनीच आत गेले. अक्का देवघरात होत्या. पायांत चपला. केस मोकळे. समोर बसून बाळकृष्णाशी बोलत होत्या, अगदी अदबीने.

"कुमुद कुठे गेली हो? तिला सांगा, मला घरी जायचंय. अंधार पडेल."

"अक्का, मी इथेच आहे," मी म्हटलं.

त्या वळल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात जोडले.

"बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

मी काय उत्तर दिलं, दिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचे जोडलेले हात तसेच ताठ झाले, मान एका बाजूला ओढली गेली आणि त्या बसल्या जागी आडव्या झाल्या. सगळं अंग थडथड उडत होतं. समई कलंडली. तोंडातून फेस. मी ओरडले. शेजारच्या पवारवहिनी नंतर म्हणाल्या, "कुमुदवहिनी, तुमचा आवाज एवढा मोठा आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं."

सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. फिट थांबवली होती, पण अक्का शुद्धीवर नव्हत्या. श्रीनूला फोन पवारवहिनींनी केला. मी शपथेत होते ना. तेव्हासुद्धा होते. पुण्याहून तो दुपारी पोचला तेव्हा मी अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर जपाची माळ घेऊन बसले होते.

"काकू, कधीपासून चाललंय हे?"

"अकरा-बारा दिवस झाले."

"बारा दिवस! आणि मला एक फोन नाही?"

"अक्कांनी शपथ घातली होती."

रागावला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या शेजारी बसून दोन्ही हातांनी त्याने तोंड पुसलं. "आजीसारखंच," तो म्हणाला. "मला भीती होतीच. काकू, तुझ्याच्याने हे होणार नाही आता. तूही सत्तरीला आलीस. पुण्यात एक जागा आहे, मी मागे चौकशी करून ठेवलीय. चांगली आहे. बाग आहे. चोवीस तास माणसं असतात. मी फोन करतो त्यांना."

"उद्या कर," मी म्हटलं.

"उद्या काय आणि आज काय?"

त्याने फोन काढला. नंबर लावला. "हॅलो, मी श्रीनिवास देशिंगकर, मागे आईसाठी..." असं तो म्हणतोय तोच दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. आफरीन मुल्ला नाव होतं त्यांचं. तिशीच्या असतील. हातात एकच कागद.

"वत्सला देशिंगकरांबरोबर कोण आहे? घरात स्वयंपाक कोण करतं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मी," म्हटलं.

"मावशी, पेशंट मीठ खातात ना?"

श्रीनूने फोन कानापासून खाली घेतला. आतून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"रक्तात सोडियम एकशेनऊ आहे," त्या म्हणाल्या. "एकशेपस्तीसच्या वर पाहिजे. एवढं खाली गेलं की मेंदूला सूज येते. माणूस बडबडतं, ओळखत नाही, फिट येते. आणखी खाली गेलं असतं तर..." त्यांनी हातातला कागद पाहिला. "ब्लड प्रेशरची कुठली गोळी? लघवी होते ती? तिच्याने थोडं उतरतं. पण इतकं नाही. म्हणून विचारते. आहार काय? पाणी किती पितात?"

"चार लिटर," मी म्हटलं. "तीर्थ धरून जास्त."

"आणि मीठ?"

मी माळेकडे बघितलं. नेम बोलून दाखवायचा नसतो.

"काकू?" श्रीनू म्हणाला.

"आषाढी एकादशीपासून बंद आहे," मी म्हटलं. "अळणी जेवतात. माझ्याबरोबर. मीच सांगितलं होतं."

त्या पॅसेजमध्ये कोणीतरी स्ट्रेचर नेत होतं, त्याचं एक चाक कुईकुई वाजत होतं.

"पाच आठवडे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "मीठ बंद, वरून ती गोळी, वरून चार लिटर पाणी. जे होतं तेही धुऊन गेलं."

"म्हणजे तो विसरण्याचा आजार..." श्रीनू म्हणाला.

"आज तरी तसं म्हणायला मला काही दिसत नाही. आधी हे भरून काढू. सावकाश काढावं लागेल, घाईने चढवलं तरी मेंदूला इजा होते. पण यातून माणूस परत येतं. आधी कशा होत्या त्या?"

"पेनाने सुडोकू सोडवायची," श्रीनू म्हणाला आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेला. फोन त्याने कधी बंद केला, कळलं नाही.

मी तिथेच उभी. कानात एकच वाक्य: तांब्या मी भरून देत होते. त्या मागत होत्या आणि मी भरून देत होते.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला हात लावला. "तुम्ही आधी कुणाला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं होतं. त्यांनी विचारलं, जेवणात काही बदल? मी म्हटलं, नेहमीचंच."

"का?"

"नेम सांगितला की फळ जातं."

मला वाटलं, त्या हसतील किंवा चिडतील. त्या म्हणाल्या, "माझी नानी रोज्यात साखरेची गोळी घेत नाही आणि मला सांगत नाही. मी तिला म्हणते, नानी, अल्लाला न सांगता कळतं. डॉक्टरला सांगावं लागतं." मग आवाज बदलून, "आता तुमचं रक्तही तपासू. तुम्हीही खात नाही ना मीठ?"

माझं ठीक निघालं. मी ती गोळी घेत नव्हते, पाणीही तहानेपुरतंच. देवाने मला सोडलं आणि अक्कांना धरलं, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना साध्या खोलीत आणलं. डोळे उघडे होते. श्रीनूला त्यांनी ओळखलं, "दाढी कर," म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुमुद, किती वाळलीस." वार सांगता आला नाही. डॉक्टर म्हणाल्या, येईल, एक-दोन दिवसांत येईल. मात्र आता सलाइन कमी करायचं होतं आणि तोंडाने मीठ जायला हवं होतं. नर्सने पेजेची वाटी आणली, चांगली खारट.

पहिला चमचा अक्कांनी तोंडात घेतला आणि तसाच बाहेर काढला. हनुवटीवरून ओघळला.

"आजी, खा की. बरं वाटंल."

अक्कांनी ओठ घट्ट मिटून घेतले. नर्सने पुन्हा चमचा नेला, त्यांनी मान फिरवली.

"आई, अगं औषध आहे ते," श्रीनू म्हणाला.

"चातुर्मास आहे," अक्का म्हणाल्या.

"तू कधीपासून चातुर्मास करायला लागलीस?"

"तू गप्प बस. मृणालचं पोर आहे." शब्द जड येत होते, पण एकेक सुटा, फळ्यावर लिहिल्यासारखा. "बोलायचं नाही ते. कुमुदनं शब्द घेतलाय."

मी पलंगाचा दांडा धरला. वार आठवत नव्हता त्या बाईला, महिना आठवत नव्हता. हे आठवत होतं.

"अक्का," मी म्हटलं, "मोडा नेम. मी सांगते ना. मोडा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत अजून धुकं होतं, पण त्या धुक्यामागे चौतीस वर्षं मुलींची उत्तरं तपासणारी बाई उभी होती, ती मला दिसली.

"आणि तुझा?"

मी नर्सच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं.

"दोघींचा होता," अक्का म्हणाल्या. "तू धरायचा नि मी मोडायचा? मग माझं मोडलेलं पोरीला लागेल." आणि ओठ पुन्हा मिटले.

श्रीनू मला काहीतरी सांगत होता, मला ऐकू येत नव्हतं. मृणालचा चौथा महिना त्याच आठवड्यात लागत होता. आधीची दोन्ही कुठल्या आठवड्यात गेली, ते मला तिथीसकट पाठ होतं. सव्वीस वर्षांत तापात, प्रवासात, यजमान गेले त्या दिवशीही मी नेम मोडला नव्हता. मृणालची मुलगी आज शाळेत जाते. पण त्या सकाळी ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी नर्सच्या हातातून वाटी घेतली. चमचा भरला. अर्धी पेज चादरीवर सांडली. देवाचं नाव घ्यायलासुद्धा धीर होईना. चमचा तोंडात घातला. पाच आठवड्यांनी जिभेला मीठ लागलं, ते झोंबलं, गालफडं आतून आवळली, डोळ्यांतून पाणी आलं. तोंड तसंच बंद करून मी उभी राहिले.

अक्का माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

"गीळ," त्या म्हणाल्या.

मी गिळलं.

मग त्यांनी तोंड उघडलं.